सुस्तो म्हणजे आपला धसका : लॅटिनो मुलं, वाढतं वजन आणि रक्तातला दाह

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात मुलांच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. लेट्यूस, स्ट्रॉबेरी, ब्रोकोलीचा हा मुलूख. शेतात राबणारे बहुतेक जण मेक्सिकोतून आलेले, त्यातही वाहाका राज्यातले पुष्कळ. काही घरांत स्पॅनिशसुद्धा जेमतेम येतं, आपसात मिश्तेक नाहीतर त्रिकी बोलतात. माझ्याकडे येणारी मुलं या घरांतली, म्हणजे लॅटिनो (लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतली). जन्मानं अमेरिकन. आणि डॉक्टरांनी पाठवलेल्या कागदावर बहुतेकांच्या नावापुढे एकच तक्रार असते, वजन.

एका मुलाबद्दल सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. नऊ वर्षांचा, उंची १३८ सेंटिमीटर, वजन ४९ किलो. मी काही विचारायच्या आत आईनं त्याची कॉलर मागे ओढली आणि मान दाखवली. मानेवर काळसर, हाताला मखमलीसारखा लागणारा जाडसर पट्टा, आणि त्यावर लाल ओरखडे. "रोज घासते, लिंबू लावून घासते, मळ निघतच नाही." पोरगा आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला होता.

तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढत जातं आणि मान, काखा इथली कातडी अशी काळी, जाड होते. आपल्याकडेही कित्येक मुलामुलींच्या मानेवर हा पट्टा दिसतो, आणि आपल्याकडच्या आयाही तो दगडानं घासतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी अशा मुलाला तक्ता दिला असता. सोडा (फसफसणारी गोड पेयं) बंद, चिप्स बंद, दिवसाला इतक्याच तोर्तिया (मक्याच्या भाकऱ्या), महिन्यानं या. त्या दिवशी माझ्या तोंडून सहज निघालं, "हे कधीपासून वाढलं?" आई गप्प बसली. कोपऱ्यातल्या आजीनं एकच शब्द उच्चारला, "सुस्तो."

सुस्तो म्हणजे अचानक बसलेल्या भीतीनं माणूस आतून हलणं आणि मग आजारी पडणं. मेक्सिकन घरांत साखरेचा आजारसुद्धा सुस्तोनं जडतो असं मानणारे खूप आहेत. आधी मी हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्या दिवशी मात्र मला माझी साताऱ्याची आजी आठवली. ती म्हणाली असती, "पोरानं धसका घेतलाय." शब्द दोन, पण सांगणं एकच.

मुलाच्या वडिलांना वर्षभरापूर्वी पहाटे कामावर जाताना रस्त्यात धरलं होतं आणि सीमेपलीकडे पाठवलं होतं. तेव्हापासून आई दोन पाळ्या करत होती. मुलाला पहाटे चारला झोपेतून उचलून शेजारणीकडे सोडायची. तिथे तो टीव्हीपुढे बसून खायचा. शाळेतून आला की बाहेर खेळायला बंदी, कारण बाहेर कोण असेल सांगता येत नाही. रात्री उठून दाराला कडी लागली आहे का, हे तो स्वतः बघून यायचा.

डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. यकृताच्या एन्झाइमची पातळी जरा वर, साखर काठावर, आणि सीआरपी, म्हणजे अंगातला दाह (इन्फ्लमेशन) दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तेही वाढलेलं. सर्दी-खोकला, दाताचं दुखणं, काहीही नव्हतं.

या मुलाच्या अंगातला दाह कुठून आला, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. ताण, वजन आणि दाह यांची गाठ कशी बसते, याबद्दल इथल्या डॉक्टर मंडळींनी आणि इतरांनीही लिहावं, म्हणून हा धागा.

---

कुंदकळी

वाचून पोटात कालवलं. माझ्या मुलीच्या मानेवर असाच पट्टा आहे आणि मी गेली दोन वर्षं ती घासते आहे. उद्या डॉक्टरांकडे नेते.

---

मिरजेचा_दिनू

ताई, कळकळ पोचली, पण मूळ मुद्दा सुटू नये असं वाटतं. टीव्हीपुढे बसून चिप्स खाल्ल्यावर वजन वाढणारच. त्याला ताण कशाला हवा? आमच्या वडिलांच्या पिढीनं दुष्काळ बघितले, ताण काय कमी होता? तेव्हा जाड पोर औषधालाही सापडत नव्हतं. खाणं कमी आणि पळणं जास्त, हा हिशेब कुणाला चुकलेला नाही.

---

बालवैद्य

दिनूभाऊ, हिशेब खराच आहे. पण भूक किती लागावी, खाल्लेलं कुठे साठावं आणि पळायला अंगात त्राण किती उरावं, हे ठरवणारी यंत्रणा मुलाच्या हातात नसते. ती थोडी उलगडतो. सांगलीत मुलांचा दवाखाना चालवतो, त्यामुळे लॅटिनो मुलं बघितलेली नाहीत, पण शरीर सगळीकडे एकच.

भीती वाटली की मेंदूतून निरोप निघतो आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. हे संप्रेरक शत्रू नाही. पहाटे ते चढतं म्हणून आपण उठतो, रात्री उतरतं म्हणून झोपतो. संकटात ते रक्तात साखर आणून देतं, म्हणजे पळता येतं. संकट टळलं की पातळी खाली. घोळ होतो तो संकट टळतच नाही तेव्हा. कॉर्टिसोल भूक वाढवतं, गोडाची आणि तेलकटाची ओढ लावतं, आणि चरबी पोटात आतड्यांभोवती साठवायला लावतं, कारण तिथल्या पेशी त्याचा निरोप जास्त घेतात. शिवाय झोपमोड झाली की भुकेची संप्रेरकं आणखी बिघडतात. पहाटे चारला उठवलेलं मूल दिवसभर जास्त खातं, त्यात त्याच्या स्वभावाचा संबंध नाही.

आता दाह. कोविडात घराघरांत सीआरपीचा कागद आला होता, तोच हा सीआरपी. तेव्हा आकडे पन्नास, शंभर, दोनशे असे असायचे. इथे गोष्ट लहान आकड्यांची आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, ३ च्या वर गेला आणि तिथेच राहिला तर मोठ्या माणसांत हृदयविकाराचा धोका जास्त मानतात. आग नाही, पण राखेखाली निखारा आहे अशी ही अवस्था. पायाला सूज दिसत नाही, ताप येत नाही, मूल खेळतं-बागडतं.

हा निखारा दोन बाजूंनी फुलतो. एक बाजू चरबीची. चरबी म्हणजे नुसतं कोठार, असं आम्हाला शिकवलं होतं. १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीतून दाह पेटवणारं टीएनएफ नावाचं रसायन निघतं आणि त्यानं इन्सुलिनचं काम अडतं हे दिसलं. २००३ मध्ये कळलं की चरबी फुगली की तिच्यात संरक्षक पेशी गोळा होऊन ठाण मांडतात. त्यांच्याकडून आणि चरबीच्या पेशींकडून आयएल-६ नावाचं दाहाचा निरोप देणारं रसायन सुटतं, ते यकृताला पोचतं आणि यकृत सीआरपी तयार करतं.

दुसरी बाजू ताणाची. कॉर्टिसोलचं एक काम दाह विझवणं हे आहे. दमेकऱ्यांना, सांधेदुखीवाल्यांना आम्ही स्टेरॉइड देतो ते याच नात्यातलं औषध. मग ताणात दाह कमी व्हायला हवा ना? थोड्या दिवसांच्या ताणात होतोही. पण मास्तर रोज दिवसभर ओरडत राहिले की वर्ग त्यांचं ऐकेनासा होतो, तशा संरक्षक पेशी कॉर्टिसोलचं ऐकेनाशा होतात. निरोप येत राहतो, दाह विझत नाही.

म्हणजे ताणानं चरबी वाढते, चरबीनं दाह वाढतो, आणि ताण दाह विझवणारा हातही कमजोर करतो.

---

मिरजेचा_दिनू

डॉक्टर, मास्तरांचा दाखला पटला. पण नऊ वर्षांच्या पोराला इतक्यात दाह? हे पन्नाशीचे आजार.

---

विदावाचक

दिनूभाऊंच्या प्रश्नाला आकडेवारीचं उत्तर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य-पोषण पाहणीतल्या १९९९ ते २००६ या काळातल्या मुलांचा अभ्यास २०१० मध्ये आला. ३ ते ५ वर्षांच्या अतिस्थूल मुलांपैकी सुमारे ४२ टक्के मुलांचं सीआरपी वाढलेलं होतं. योग्य वजनाच्या मुलांत ते प्रमाण १७ टक्के. बालवाडीत जायच्या वयात!

लॅटिनोंचा आकडा देतो. २०१७ ते मार्च २०२० च्या पाहणीत अमेरिकेतल्या २ ते १९ वयाच्या मुलांपैकी १९.७ टक्के स्थूल होती. लॅटिनो मुलांत २६.२, काळ्या मुलांत २४.८, गोऱ्यांत १६.६, आशियाईंत ९.० टक्के.

मात्र दोन ठिकाणी पाय जपून टाकावा लागेल. पहिलं, 'लॅटिनो' हा एक गट नव्हे. पोर्तो रिकोतून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये आलेलं घर, मायामीतलं क्युबन घर आणि सॅलिनासच्या शेतातलं मिश्तेक घर यांचं खाणं, रंग, कागदपत्रं, वंश, सगळं वेगळं. दुसरं, ताण आणि सीआरपी यांचा थेट संबंध मांडताना वजन हिशेबात घेतलं की तो संबंध पुष्कळदा फिका पडतो. म्हणजे ताणाचा बराचसा रस्ता वजनातूनच जातो. ताण कमी केला की लगेच सीआरपी उतरेल अशी आशा कुणी लावून घेऊ नये. आणि एका मुलाचा एकदा घेतलेला सीआरपी तर काहीच सिद्ध करत नाही, आठवड्यापूर्वीच्या सर्दीनंही तो वर जातो.

---

रानजाई

विदावाचक, तुमचं म्हणणं मान्य. सीआरपीवरून मी कधीच उपचार ठरवत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्थूलतेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही दहा वर्षांपुढच्या स्थूल मुलांची चरबी, साखर आणि यकृत तपासायला सांगितलंय, सीआरपी नाही. इथे तो निमित्त म्हणून आला.

पण ताण घरातून मुलापर्यंत पोचतो याचा पुरावा लॅटिनो घरांमधूनच आला आहे. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो या चार ठिकाणी लॅटिनो प्रौढांचा मोठा अभ्यास २००८ पासून चालू आहे, सोळा हजारांवर माणसं त्यात आहेत. त्यांच्याच घरांतली ८ ते १६ वर्षांची १,४६६ मुलं २०१२ ते २०१४ मध्ये तपासली. आईवडिलांना, किंवा जे सांभाळतात त्यांना, दीर्घकाळचे ताण किती ते विचारलं. घरातलं आजारपण, नोकरीची कटकट, नात्यातला तणाव, असे. ज्या घरात असा एकही ताण नव्हता तिथे साधारण पाचातलं एक मूल स्थूल होतं. तीन किंवा जास्त ताण होते तिथे तिघांतलं एक.

ताण मोजला आईचा, वजन वाढलं मुलाचं. हे वाचलं तेव्हा मी तक्ते छापणं थांबवलं.

---

बीडची_सुलू

ताई, पहाटे चारचं वाचून आमच्याकडची ऊसतोड आठवली. मी आष्टी तालुक्यातली. लहानपणी आईबरोबर कारखान्यावर कोपीत राहिले आहे. पहाटे तीनला कोयता सुरू, आम्ही पोरं गाडीत पेंगत. आमच्याकडची पोरं हाडकुळी असतात, तुमच्याकडची जाड, पण परक्या मुलखात कुणाच्या तरी शेतात आईच्या मागं फिरणं सारखंच. फक्त आम्हाला कुणी धरून नेईल असं भय नव्हतं. मुकादमाचं होतं.

---

आयोवाकर

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, देस मॉईनला राहतो. या विषयावर बोलताना पोस्टव्हिलचं नाव आलंच पाहिजे.

पोस्टव्हिल हे आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यातलं छोटं गाव. १२ मे २००८ रोजी तिथल्या मांसप्रक्रियेच्या कारखान्यावर स्थलांतर खात्याची धाड पडली. हेलिकॉप्टर, शेकडो अधिकारी. एका दिवसात ३८९ माणसं पकडली, बहुतेक ग्वाटेमालातली. कित्येक घरांतल्या बायका-मुलांनी चर्चमध्ये आसरा घेतला. मी तेव्हा इथे नवा होतो, ऑफिसात लोक दबक्या आवाजात बोलायचे.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी नंतर राज्यभरातली जन्माची नोंद काढली. धाडीनंतरच्या काळात लॅटिनो आयांना कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका आधीच्या वर्षाच्या मानानं २४ टक्क्यांनी वाढला होता. हे पोस्टव्हिलपुरतं नव्हतं, सगळ्या आयोवात. आणि फक्त परदेशी जन्मलेल्या आयांत नव्हे, इथे जन्मलेल्या लॅटिनो आयांतसुद्धा. गोऱ्या आयांत असा बदल दिसला नाही.

ज्यांच्या कागदपत्रांत काहीच खोट नव्हती, त्यांच्या पोटातल्या बाळांचंही वजन घटलं. धसका याहून वेगळा काय असतो?

या अभ्यासात एक नाव आहे अर्लीन जेरोनिमस. त्यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं की सतत अपमान, सतत सावधपणा यांनी शरीर वेळेआधी झिजतं. ऊन-पाऊस खाऊन लाकूड झिजतं तसं.

---

हिरवा_चाफा

आयोवाकर, पण कमी वजनाचं बाळ आणि पुढे जाड मूल, यांचा मेळ कसा?

---

बालवैद्य

याचं उत्तर पुण्यात आहे, आणि ते सांगताना मला फार अभिमान वाटतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपलं बाळ सुमारे आठशे ग्रॅमनं कमी. पण मोजलं तेव्हा कळलं की हे बाळ स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान आहे, चरबी मात्र त्या मानानं राखून आहे. दिसायला बारीक, आतून चरबीदार. असं मूल पुढे थोडंही वजन वाढवतं तेव्हा मधुमेहाकडे लवकर सरकतं.

डॉ. याज्ञिकांनी स्वतःचं उदाहरण दिलं ते तर वैद्यकाच्या वर्गांत दाखवतात. त्यांचा आणि त्यांच्या इंग्लिश सहकाऱ्याचा, डॉ. युडकिन यांचा, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. २००४ मध्ये दोघांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी-शेजारी छापला होता.

मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन मुलांचं दुखणं नेमकं आपल्यासारखं आहे असा दावा मी करणार नाही. त्यांचा वंश वेगळा, इतिहास वेगळा. पण पोटात असताना ज्या बाळाला तंगी दिसली, ते पुढे भरल्या ताटापुढे बसलं की त्याचं शरीर साठवायलाच बघतं, हे दोन्हीकडे लागू होतं.

वंशाचा विषय निघाला म्हणून. पीएनपीएलए-३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार यकृतात चरबी साठवायला लावतो. २००८ मध्ये डॅलसमधल्या अभ्यासात तो लॅटिनोंमध्ये सर्वांत जास्त आढळला, त्यांच्या जनुकांच्या जवळपास अर्ध्या प्रतींत. गोऱ्यांत त्याच्या निम्मा. रानजाईताई, तुमच्या मुलाच्या यकृताची पातळी वर होती त्यात याचाही हात असू शकेल. अशा मुलांना साखरेची पेयं जास्त भोवतात.

---

मिरजेचा_दिनू

मग तर सोडा बंद हाच उपाय झाला ना!

---

रानजाई

दिनूदादा, सोडा मी आजही बंद करायला सांगते. तो मुद्दा सोडलेला नाही. बदललंय ते कधी आणि कसं सांगायचं, ते.

आपल्याला कुणी परका माणूस येऊन म्हणाला, भाकरी सोडा, तर कसं वाटेल? मी पहिली दोन वर्षं तोर्तियाबद्दल तेच करत होते. मग एकदा एका आईनं डब्यातून आणलेलं माझ्यापुढे ठेवलं. चुन्याच्या पाण्यात भिजवलेल्या मक्याची, हातानं थापलेली तोर्तिया, काळ्या घेवड्याची उसळ, निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी. मी खाल्लं आणि मला लाज वाटली. यात काय वाईट होतं? वाईट होतं ते नंतर ताटात शिरलेलं. तिखट लाल चिप्सची पाकिटं, दोन-दोन लिटरच्या बाटल्या, गोड पाव. मेक्सिकोनं २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, आणि २०२५ च्या मार्चपासून तिथल्या शाळांत असलं खाणं विकायला बंदी आली. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या देशालाही हे कळलेलं आहे.

पण दोन पाळ्या करून रात्री नऊला घरी येणारी आई घेवडा कधी शिजत घालणार? आणि दिवसभर मुलाला 'बाहेर जाऊ नको, दार उघडू नको' एवढंच सांगणाऱ्या आईला, त्याला आनंद देण्यासाठी हातात काय उरतं? एक बाटली, एक पाकीट. मी ते हिसकावून घेतलं तर त्या दिवसातलं तेवढंच गोड मी काढून घेते.

अजून एक. या घरांत जाडसर मुलाला 'गोर्दितो' म्हणतात, लाडानं. आजीला गुबगुबीत नातू म्हणजे देवाची कृपा, कारण तिनं वाहाकात उपाशी मेलेली मुलं बघितलेली असतात.

---

आबा_कोकणे

गोर्दितोवरून आठवलं. आमच्या रत्नागिरीत गुटगुटीत बाळ स्पर्धा व्हायच्या. माझ्या धाकट्याला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. बाळसं धरलेलं मूल म्हणजे घराचं वैभव. तुमच्या त्या आजीला माझा नमस्कार सांगा.

---

तगर

मी टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोला चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात बावीसपैकी एकोणीस मुलं लॅटिनो. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

पहिली. शाळेत वजन-उंची मोजायच्या दिवशी जी मुलं पोटदुखी सांगून घरी राहतात, ती कोण असतात ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी एका मुलीनं वजनकाट्यावर चढण्याआधी बूट काढले, मोजे काढले, केसातले चाप काढले, आणि मग मुठीत धरलेलं खोडरबर माझ्याकडे दिलं. नऊ वर्षांची मुलगी. ताणानं वजन वाढतं असं आपण म्हणतो आहोत, पण वजनाबद्दल ऐकून घ्यावं लागणं हाही ताणच आहे, आणि तो आम्ही शिक्षक, डॉक्टर, मावश्या-काकवा मिळून देतो.

दुसरी. २०२५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या धाडींची दृश्यं टीव्हीवर लागली तेव्हा इथे सुट्टी होती. ऑगस्टमध्ये शाळा उघडली आणि मुलं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना विचारत होती, "तुझ्या घरी काय ठरलंय?" म्हणजे आईबाबा परतले नाहीत तर कुणाला फोन करायचा, ते. ही मुलं अमेरिकेची नागरिक आहेत.

---

विदावाचक

तगर, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी जुळणारी आकडेवारी रानजाईंच्याच खोऱ्यातली आहे. बर्कलेच्या विद्यापीठानं १९९९ च्या सुमारास सॅलिनासमधल्या गरोदर शेतमजूर बायकांपासून एक अभ्यास सुरू केला, नाव 'चामाकोस'. मेक्सिकन स्पॅनिशमध्ये चामाकोस म्हणजे पोरंटोरं. मूळ विषय कीटकनाशकांचा. मुलं मोठी होत गेली तसे प्रश्नही वाढत गेले. सोळा वर्षांच्या, अमेरिकेत जन्मलेल्या ३९७ मुलामुलींना विचारलं तेव्हा जवळपास निम्म्यांना स्थलांतर धोरणाचा आपल्या घरावर काय परिणाम होईल याची कधी ना कधी चिंता होती. जास्त चिंता करणाऱ्यांत बेचैनी जास्त, झोप वाईट. २०१९ मध्ये ते छापून आलं.

---

कुंदकळी

परत आले. मुलीला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. उपाशीपोटीची साखर १०४, म्हणजे काठावर. वय अकरा.

तगर यांचं खोडरबर वाचून मी रात्रभर झोपले नाही. आमच्याकडे ताण धाडींचा नाही. आमच्याकडे सासूबाई तिला ताटावर बसल्यावर 'पुरे आता' म्हणतात, तिचा चुलतभाऊ 'जाडी' म्हणतो, आणि मी गप्प बसते कारण मनातून मलाही तेच वाटतं. ती हल्ली रात्री लपून बिस्किटं खाते. उशीखाली पुडा सापडला तेव्हा मी तिला मारलं. ठाण्यात, सगळं असलेल्या घरात.

रानजाईताई, मी तिच्याशी काय बोलू?

---

रानजाई

कुंदकळी, तुम्ही हे इथे लिहिलंत, हे फार कठीण काम होतं.

वजनावर काही दिवस अजिबात बोलू नका. घरातल्या वजनकाट्याला कपाटात ठेवा. सासूबाईंना आणि पुतण्याला, मुलगी समोर नसताना, तिच्या ताटावर कुणी बोलायचं नाही हे एकदाच पण ठाम सांगा. मानेबद्दल तिला सांगा की तो मळ नव्हता, आईला माहीत नव्हतं, आई चुकली. मुलांना हे वाक्य फार क्वचित ऐकायला मिळतं. बिस्किटाचा पुडा उशीखालून डब्यात आणा, आणि डबा तिच्या हाताला येईल असा ठेवा. लपून खाणं थांबलं तरच किती खातो ते तिचं तिला कळेल. झोप किती मिळते, शाळेत काय चाललंय, ते विचारा. डॉक्टरांकडे पुन्हा तीन महिन्यांनी जाच, साखर दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

---

बालवैद्य

ताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. १०४ म्हणजे मधुमेह नव्हे, पण घरातल्या कुणाला मधुमेह आहे का ते डॉक्टरांना सांगा.

एक जुनी गोष्ट जोडतो. १९८५ च्या सुमारास सॅन दिएगोत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी स्थूल माणसांसाठी दवाखाना चालवत. ज्यांचं वजन झपाट्यानं उतरत होतं तीच माणसं मधेच यायची बंद झाली. कोडं सोडवायला त्यांनी एकेकाला बसवून आयुष्य विचारलं, तर बालपणी अत्याचार सोसलेली कितीतरी निघाली. जाडी हे त्यांचं चिलखत होतं, ते उतरायला लागल्यावर त्यांना भीती वाटत होती. त्यातूनच सतरा हजारांवर प्रौढांचा बालपणीच्या आघातांचा अभ्यास उभा राहिला, १९९८ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष छापले. आज जगभर ज्याचा दाखला देतात तो अभ्यास 'वजन का उतरत नाही' या प्रश्नातून जन्मला.

---

रानजाई

त्या अभ्यासातूनच आमच्याकडे २०२० पासून गरीब घरांतल्या मुलांची आघातांची तपासणी सुरू झाली. राज्य सरकार प्रत्येक तपासणीमागे दवाखान्याला २९ डॉलर देतं. प्रश्नावली चांगली आहे. पण कागदावर खरं उत्तर कुणी देत नाही, निदान पहिल्या भेटीत नाही. वडील घरी का नाहीत हे आई छापील चौकोनात खूण करून सांगणार नाही. ती सांगते तेव्हा मुलाचं जाकीट घालून झालेलं असतं आणि हात दाराच्या मुठीवर असतो. म्हणून मी आता शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवते. दवाखान्याच्या वेळापत्रकात त्याला जागा नाही, मी ती जेवणाच्या सुट्टीतून काढते.

मिरजेच्या दिनूदादांनी विचारलं नाही, पण विचारतील, की त्या मुलाचं पुढे काय झालं.

आधी आम्ही जेवणाला हातच लावला नाही. दवाखान्यातल्या समाजसेविकेनं आईच्या मावसबहिणीला गाठलं. ती दुपारच्या पाळीला जाते. आता मुलगा रात्री तिच्याकडेच झोपतो आणि सहाला उठतो, चारला नाही. शाळेच्या आवारात शनिवारी चर्चची माणसं फुटबॉल घेतात, तिथे त्याला मामा सोडतो आणि खेळ संपेपर्यंत कडेला बसून राहतो. संध्याकाळी सातला वडिलांचा व्हिडिओ कॉल येतो, रोज, ठरलेल्या वेळी. वेळ ठरलेली असण्याचा उपयोग होईल हे आजीनं सुचवलं, मी नाही. सोड्याबद्दल आम्ही चौथ्या भेटीत बोललो, तेव्हा आईनंच विषय काढला.

आठ महिन्यांनी उंची १४२, वजन ५०. म्हणजे वजन किलोभर वाढलं, उंची चार सेंटिमीटर. वाढत्या मुलाच्या बाबतीत हे फार चांगलं आहे. यकृताची पातळी खाली आली. सीआरपी पुन्हा केलं नाही, गरज नव्हती.

---

मिरजेचा_दिनू

हेच विचारणार होतो. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं 'त्याला ताण कशाला हवा' हे वाक्य मागे घेतो. मान कशी आहे त्याची?

---

रानजाई

अजून काळीच आहे, दादा. उतरायला वेळ लागतो. आई आता ती घासत नाही. परवा आला होता तेव्हा कॉलर त्यानं स्वतःच बाजूला केली, ओरखडे भरून आले होते आणि मानेला तेलाचा वास येत होता.